वल्या हाताचा दोष

साखराआत्या,

तुमचा मोबाइल पाण्यानं बिघडला न्हाई. हप्ता चुकला म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीनं तो लांबूनच बंद केलाय. तशी अट करारात होती, अन् तीन दिवसांत मोबाइल परत करायची सोयही होती. तो करार दुकानातल्या स्क्रीनवर मराठीत बोलून सगळं सांगतो. पण त्या दिवशी चौसाळ्याच्या आमच्या दुकानात लई गर्दी होती. मी आवाज बंद केला अन् तुमचा अंगठा तेवढा लावून घेतला.

काल तुमी मोबाइल पदरानं पुसत म्हणलात, "माझ्याच वल्या हातानं बिघडला असंल, बाबा." मी नुसती मान डोलावली.

हे पत्र धाडलं, तर वाचून दाखवायला तुमी मलाच बोलवाल.

तुमचाच भाचा,
हरिओम