व्याह्यांशी जपानीत

रविवार, ४ जानेवारी
पोरीचा फोन. जपानहून. लग्न ठरवतेय. मुलगा तिकडचा, जपानी, तिच्याच ऑफिसातला, स्वभावाने गरीब. त्याची आई तयार आहे. वडील मात्र गप्प. परक्या देशातली सून, परक्या देशातले व्याही, त्यांच्याशी बोलायचं काय, ही त्यांना धास्ती. एक मार्चला दोन्ही घरं व्हिडिओ कॉलवर भेटणार. पोरगी म्हणाली, बाबा, दोन्हीकडचं मी सांगेन, तुम्ही फक्त हसा.
फक्त हसा! मी काय पासपोर्टचा फोटो काढायला बसतोय? आणि त्यातही हसू देत नाहीत.
निश्चय: व्याह्यांशी जपानीत बोलणार. अस्खलित. पोरीला बजावलं, त्यांना आधी सांगायचं नाही. सरप्राइज.

मंगळवार, ६ जानेवारी
ऑनलाइन क्लास लावला. बाई पोरीपेक्षा लहान, पण त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, म्हणायचं. वर्गात बाकी सगळी कॉलेजची पोरं. वाईट वाटलं. माझ्या स्पीडला कशी टिकणार.

बुधवार, १४ जानेवारी
अक्षरं जवळपास पाठ. 'सा' आणि 'ची' एकमेकांची आरशातली रूपं आहेत, ती सोडून. 'नु' आणि 'मे' सुद्धा सोडून. 'रे', 'ने', 'वा' ही तिळी भावंडं. त्यांचं नंतर बघू.

सोमवार, १९ जानेवारी
दुकानात आयडिया सुचली. चष्म्याचं दुकान असल्याचा कधीतरी फायदा व्हायला हवा. डोळे तपासायच्या तक्त्यावर जपानी अक्षरांचा तक्ता चिकटवला. गिऱ्हाइकं नसताना खुर्चीत बसून वाचायचा. तीन ओळी वाचल्या आणि जेवायला गेलो. तक्ता काढायचा राहिला.
परत आलो तर एक आजोबा खुर्चीत. बायकोने बसवलेले. दुपारी गल्ला तीच सांभाळते. आजोबा एक डोळा झाकून रडवेले. म्हणाले, ठळक दिसतंय हो सगळं, पण वाचता एकही येत नाही, मेंदूत काही झालं का? त्यांना पाणी दिलं. फुकट फ्रेम दिली. बायको म्हणाली, अहो, तुमच्या जपानीपायी दुकान बुडेल.
थोर माणसांच्या घरी असंच असतं.

गुरुवार, २९ जानेवारी
आज संभाषण. पाहुण्यांचं स्वागत. मी सेन्सेईंना अदबीने 'बसा' म्हणालो. प्रत्यक्षात 'हात लावा' म्हणालो म्हणे. 'सुवात्ते'चं 'सावात्ते' झालं. एका काना-मात्रेचा फरक. पोरं माइक बंद करून हसली. कॅमेरे चालू होते.
निर्णय: व्याह्यांना बसा म्हणायचं नाही. कॉलवर ते बसलेलेच असणार.

शनिवार, ७ फेब्रुवारी
सर्दी. नाकातून जपानी चांगलं येतं असं वाटलं. सेन्सेईंना वाटलं नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी
पोरीचा फोन चालू असताना जावई खोलीत आला. तिला काहीतरी म्हणाला. ती खळखळून हसली. मग तिने काहीतरी म्हटलं, तो हसला. मी पण हसलो.
लहानपणापासून तिचा प्रत्येक विनोद आधी मला कळायचा. बऱ्याचदा तो माझाच चोरलेला असायचा. आजचा कळला नाही. तिला विचारलं, काय गं? म्हणाली, काही नाही बाबा, मराठीत सांगून मजा नाही.
फोन ठेवल्यावर क्लासचं पुस्तक काढलं. धडा दुसरा. पुन्हा.

शुक्रवार, २० फेब्रुवारी
सेन्सेई म्हणाल्या, काका, एवढ्यात भाषण नको, तीन वाक्यं नीट म्हणा. मी म्हटलं, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, तीन वाक्यांत कसा सुटेल? एक पानभर लिहिलं. त्यात घराण्याची माहिती, दुकानाचा इतिहास, जावयाची स्तुती. बायकोला म्हटलं, तूही दोन शब्द शीक. ती म्हणाली, मला काय सांगायचंय ते मला मराठीत माहीत आहे.
शिक्षणाची आवडच नाही.

रविवार, १ मार्च
झालं!
सकाळी इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा. कॅमेऱ्याला खालचं दिसत नाही. पडद्यावर चौघं: पोरगी, जावई, विहीणबाई, व्याही. व्याह्यांची मान खाली, हात मांडीवर. मी उभा राहिलो, भाषणाला. (लेंगा दिसला.) कमरेत वाकून नमस्कार केला आणि सुरुवात केली.
पहिला परिच्छेद कसा निघाला मला आठवत नाही, पण जोरात निघाला. जावई गोड आहे हे चार वेळा सांगितलं. 'कोवाइ! कोवाइ!' दर वेळी पोरीला ठसका लागत होता. भरून आलं असणार. दुकानाच्या इतिहासाशी आलो आणि पुढची ओळच सापडेना. बायकोने कोपर मारलं, म्हणाली, "अहो! अहो, बोला की!"
विहीणबाईंनी तोंडावर हात घेतला. जावई लालबुंद. व्याह्यांनी पहिल्यांदा मान वर केली. पोरीने खुलासा केला: त्यांच्या भागात 'अहो' म्हणजे बावळट. मग त्यांना सांगितलं, आमच्याकडे नवऱ्याला आदराने असंच म्हणतात. व्याह्यांनी यावर नीट विचार केला आणि हळूच काहीतरी बोलले. पोरगी म्हणाली, बाबा, ते म्हणतायत, घरात मलाही हेच म्हणतात, पण आदर वगैरे काही नसतो.
सगळे हसले. व्याहीसुद्धा.
त्यानंतर बायकोने ताबा घेतला. मराठीत. विहीणबाई जपानीत. बायको म्हणाली, खाली बसायला जमतं का हो तुम्हाला, आणि स्वतःचा गुडघा दाखवला. विहीणबाईंनी स्वतःचा दाखवला. मग खांदा. मग दोघींनी आपापल्या नवऱ्याकडे बघून मान हलवली. पोरीला मध्ये बोलायची वेळच आली नाही. शेवटी बायको म्हणाली, माझी पोरगी ताप आला तरी कोणाला सांगत नाही, लक्ष ठेवा. हे तेवढं पोरीने सांगितलं. विहीणबाईंनी तिचा हात हातात घेतला.
व्याह्यांनी होकार दिला.
माझ्या भाषणाने वातावरण तयार झालं, हे मान्य करावं लागेल. बायकोला तसं म्हटलं. ती डोळे पुसत होती, ऐकू गेलं नसावं.

सोमवार, २ मार्च
सेन्सेईंना कळवलं: मोहीम फत्ते. पुढच्या लेव्हलची चौकशी केली. त्या म्हणाल्या, आधी हीच लेव्हल पुन्हा करू या. नम्र बाई. माझ्या संगतीत त्यांनाही उजळणी हवीशी वाटते.

बुधवार, ४ मार्च
पोरीचा फोन. आधी आईशी बराच वेळ. मग मला म्हणाली, बाबा, रागावू नका. त्यांचा गैरसमज झालाय आणि मला तो दूर करवत नाही.
म्हटलं, लग्नाचं काही?
नाही, लग्न पक्कं. तुमच्या भाषणाचं. व्याह्यांना ते फार आवडलं. किती मनापासून बोलले म्हणाले. पण ते मराठी होतं अशी त्यांची समजूत आहे. सगळं. पहिल्यापासून शेवटपर्यंत.
मी भाषणाचा कागद काढून बघितला.
म्हणाली, ते म्हणतायत, मराठीतले काही शब्द अगदी आमच्यासारखे लागतात. तो 'कोवाइ' चार वेळा आला, आमच्यात त्याचा अर्थ भयानक, तुमच्यात काय? मी सांगितलं, गोड. बाबा, गोडला 'कावाइई' म्हणतात.
म्हटलं, मग आता?
म्हणाली, आता त्यांची भीती गेलीय. ही भाषा आपल्याला जमेल असं त्यांना वाटतंय. कालपासून मराठी शिकायला बसलेत. उच्चार पक्के व्हावेत म्हणून तुमच्या आवाजात रेकॉर्डिंग मागितलंय. पाठवता?
मग म्हटलं, आईचं पाठवतो.