वरून ओतलेलं पाणी

नंदाखाल, १४ जानेवारी २००४

प्रिय ऋतिका,

काल तुझं पत्र मिळालं, आणि सगळ्यांत आधी कोण आलं असेल सांग? शेजारची इनेझ! पिशवीत वांगी आणि तोंडात साऱ्या गावाच्या बातम्या. बरं झालं आली, तुझं बारीक अक्षर मला लागत नाही. तिनेच पत्र वाचून दाखवलं. तू लिहिलंयस, लंडनच्या बसमध्ये तुझ्या शेजारची जागा रिकामी राहते, माणसं उभी राहतील पण बसणार नाहीत, आणि कुणाला सांगितलंस तर म्हणतात, तुलाच तसं वाटतं, इथे असलं काही नाही. आम्ही दोघींनी त्या गोऱ्यांचा चांगला उद्धार केला. इनेझ म्हणाली, आपल्याकडे नाही बाई असलं काही. मी म्हटलं, मुळीच नाही.

तेवढ्यात फाटकातून लाडकी! पाड्यावरची गं, वीस वर्षं आपल्या वाडीत केळी खुरपल्या तिने. संगतीला तिची जयवंती. पोरगी नर्स झाली, सरकारी दवाखान्यात लागली, म्हणून पेढे घेऊन आल्या. इतकी हरखले मी! पेढा तोंडात टाकला आणि धावत तांब्या भरून आणला. पायरीवर उभी राहिले, हात आपोआप वर गेला. लाडकीही सवयीने वाकली, ओंजळ धरली. जयवंतीने नाही धरली. हळूच म्हणाली, आजी, घरात पेला नाही का? लाडकीच हसत मध्ये पडली, अगं, ओंजळीनं गार लागतं, आजी कुठं काय मानते! इनेझ केळींकडे बघत राहिली. मी तांब्या पायरीवर ठेवून आत धावले. पेले शोधून आणेपर्यंत दोघी फाटकाशी पोचल्या होत्या, उशीर होतो म्हणाल्या.

इनेझ म्हणते, पोरी शिकल्या की आगाऊ होतात. मी हो म्हणणारच होते, पण तुझी ती रिकामी जागा डोळ्यांपुढे आली.

तू सहा वर्षांची होतीस. लाडकीशेजारी ओंजळ धरून बसलीस, मलापण वरून दे म्हणून. मी फटका दिला तुला. ही अशी का पिते, विचारलंस, तर सांगितलं, तिला तसंच आवडतं. खोटं होतं ते, बाळा. तिला मी कधी विचारलंच नव्हतं. हे तुला सांगायचं म्हणून पत्र घेऊन बसले. इनेझला लिहायला नाही सांगितलं, माझ्या चौथीच्या अक्षरातच वाच.

आज सकाळी पाड्यावर जाऊन आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, घरसुद्धा विचारत जावं लागलं. लाडकीने पेला विसळून पाणी दिलं, मी प्यायले. चहाला या म्हटलं. जयवंती लगेच हो म्हणाली नाही. मग म्हणाली, रविवारी सुट्टी आहे. माझं नाव कोरलेला पेला चिंचेने घासून जयवंतीसाठी फळीवर पुढे ठेवलाय. रविवारी चार वाजता येतात.

तुझीच,
आजी