रडण्याविना दिवस

प्रिय चैताली,

हे पत्र शेजारच्या मनोजच्या हाती पाठवतोय. या आठवड्यात त्याची ड्युटी कळवणच्या एसटीवर आहे, तो तुला दवाखान्यात आणून देईल. फोनवर सांगायला गेलो असतो तर पुन्हा सारवासारव केली असती, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. परवा तू म्हणालीस, बारा दिवस झाले, आयुष फोनवर येत नाही, चार वर्षांचं पोर तीन महिन्यांत आईला विसरलं, मग ही नर्सची नोकरी काय चुलीत घालायची? बाई गं, राजीनामा-बिजिनामा लिहू नकोस, आधी हे वाच. चूक त्याची नाही, तुझी तर मुळीच नाही. चूक माझी आहे.

तू कळवणला रुजू झालीस तेव्हा त्याने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. बालवाडीच्या दारात रड, जेवताना रड, तुझा फोन ठेवला की तासभर हुंदके. माझी आई बिचारी त्याला कडेवर घेऊन गल्लीभर फिरायची. मग मी डोकं चालवलं! आमच्या कंपनीच्या गेटवर ‘अपघाताविना दिवस’ असा फळा आहे ना, रोज आकडा वाढतो, कुणाला लागलं की पुन्हा शून्य. तसलाच फळा घरात टांगला. ‘रडण्याविना दिवस.’ तीस झाले की सायकल. रोज संध्याकाळी त्याचा हात धरून मी आकडा लिहायचो आणि आई टाळ्या वाजवायची. खोटं कशाला बोलू, आठवड्याभरात घर असं शांत झालं की मी अंबडला कंपनीत सगळ्या शिफ्टला फुशारकीने सांगत सुटलो. तुलाही फोटो पाठवले, तूही खूश झालीस.

तो फोनवर येईनासा झाला तेव्हा मला वाटलं, रमला असेल खेळात. पण तुझा सातचा फोन वाजला की गडी बाथरूममध्ये पळायचा आणि नळ सोडून बसायचा. काल मी मागोमाग गेलो. दोन्ही हात तोंडावर गच्च दाबून उभा होता, डोळे लालभडक. जवळ घेऊन विचारलं, तर म्हणाला की मम्मीचा आवाज आला की रडू येतं आणि मग शून्य होतं.

मी नळ बंद केला. दोन वर्षांपूर्वी मशीनवर माझं बोट कापलं होतं, आठवतं? शंभर दिवसांना दोनच उरले होते, सगळ्या शिफ्टला स्टीलचे डबे मिळणार होते, म्हणून मी रक्त हातमोज्यात लपवून घरी आलो. पट्टी बांधता बांधता तू मला फाडफाड बोललीस. अपघात थांबला नाही भिकन, नुसता लपला, असं म्हणाली होतीस. एवढं ऐकूनही मी शहाणा तेच पोराला शिकवून बसलो. चप्पल जागेवर ठेवली, खेळणी आवरली, तर देऊ की बक्षीस, खुशाल देऊ. पण आईची आठवण येणं ही काय खोड आहे, मोडायला?

आज फळा काढून टाकला आणि सायकल आणली, तशीच, कसल्याही आकड्याशिवाय. त्याने दोनदा घंटी वाजवली आणि हळूच म्हणाला, पप्पा, सायकल परत द्या, मला मम्मीशी रडून बोलायचंय. सायकल तुझीच आहे, रडलास तरी तुझीच, असं मी चारदा सांगितलं, पण अजून त्याचा विश्वास बसलेला दिसत नाही. म्हणून हे पत्र. मिळालं की त्याच दिवशी सातला फोन कर. तो रडेल. त्याला चॉकलेट कबूल करू नकोस, शहाणं बाळ म्हणू नकोस, आणि काही झालं तरी फोन ठेवू नकोस. पोटभर रडू दे त्याला. त्याचं झालं की फोन पप्पांकडे दे म्हण. मलाही तुझी फार आठवण येते चैताली, आणि हे मी तीन महिन्यांत तुला एकदाही सांगितलं नाही.

तुझाच,
भिकन