काजळराणी काय राखते

इंझोरी,
४ नोव्हेंबर २०२५

चि. सुकेशनीस,
आजोबाचा सप्रेम जयभीम आणि ओंजळभर आशीर्वाद. वि. वि.

आज पहाटे लहानपणचा एक आवाज कानात आला. गोफणीचा फटाका, अन् त्यामागून माझाच चिरका हाकारा, हाऽऽ होऽऽ! ज्वारी हुरड्यावर आली की माय मले वावरातल्या चार खांबांच्या माळ्यावर चढवून देई. मी शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणत पाखरं हाकलायचो. कवितेतलं पाखरू लाडकं, अन् माझ्या हातात मात्र गोटा!

तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचलं. पुण्याच्या कंपनीत तू कॉम्प्युटरवरच्या खेळांच्या गोष्टी लिहितेस. काजळराणी हे तुझं पहिलंच पात्र. ती डोंगरातली वाट अडवते, माणसं जाळते, अन् शेवटी खेळणाऱ्यानं तिला मारायचं. पण तुमच्या मोठ्या मॅडम हेमलाबाई म्हणतात, हिला मारताना कुणाचं काळीज हलत नाही. जमत नसेल तर तिच्या जागी मुका अजगर बसवू. खरी राक्षसीण तर ती हेमलाबाईच दिसते मले!

सोबत राणीचा विलाप लिहून धाडला आहे, यमकांसकट. मरताना तिच्या तोंडी घाल. ऐकणाऱ्याचे डोळे कोरडे राहणार नाहीत.

लोभ आहेच, तो शहरात पातळ होऊ देऊ नको.
तुझा आजोबा,
पुंजाजी

पुणे,
१३ नोव्हेंबर

ती. आजोबांस,
सुकेशनीचा सविनय जयभीम. वि. वि.

रागावू नका, पण विलाप बुडाला. खेळून पाहायला बसवलेल्या पोरांनी पहिल्याच कडव्याला बटण दाबून तुमची कविता पुढे ढकलली. एक जण म्हणाला, ही बाई मरते कमी अन् बोलते जास्त. मी सगळ्यांबरोबर हसले, मग जिन्यात जाऊन रडले. हेमला मॅडम अजगराचं चित्र माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

मला मात्र तुमच्या यमकांपेक्षा तो गोटाच आठवत राहतो. आजोबा, त्या पाखरांच्या गोष्टीत राक्षस कोण होतं? तुम्हीच ना? तुम्हाला त्यांचा राग यायचा का? नीट आठवून लिहा. आईला विचारू नका, ती तुमची बाजू घेईल.

माया करता तशीच करत राहा.
तुमची,
सुकेशनी

इंझोरी,
२० नोव्हेंबर

चि. सुकेशनीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा प्रश्न वाचून मी भरलं ताट बाजूला सारलं. तुझी माय विचारे, बाबाजी, काहून सारलं, जेवण आवडलं नाही काय?

राग नव्हता बाई. बाभळीवरची पिलं मले माळ्यावरून दिसत, चोची उघडून बसलेली. पण वावरातली सर्वात भरीव कणसं माझी माय बियाण्याले राखे. ती गेली तर पुढल्या साली पेरायचं काय? म्हणून मी पिलांकडे पाठ करायचो अन् गोफण फिरवायचो. त्या बाभळीवरून मी कसा दिसत असेन, हे आज डोळ्यांपुढं आलं. आभाळाएवढा काळा, हात गरगर फिरवणारा.

जीव लावून आहे, हे ध्यानात असू दे.
आजोबा

पुणे,
८ डिसेंबर

ती. आजोबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

राणीचा विलाप काढून टाकला. आता ती डोंगरात बियाणं राखते. तिची माणसं दुष्काळात परागंदा झाली. ती परततील तेव्हा त्यांना पेरायला हवं, म्हणून ही राखण. भुकेली गावं ते खायला येतात, आणि खेळणारा त्या भुकेल्यांच्याच बाजूचा. राणी एवढंच विचारते, आज खाल्लंत तर उद्या काय पेराल? मग लढते, अगदी निर्दयपणे. तिचा क्रूरपणा मी कणभरही कमी केला नाही.

पोरं पुन्हा खेळली. शेवटी राणीच्या हातातली काठी गळून पडली आणि खोलीत कुणाचं बोट हलेना. आजोबा, खेळात तिला सोडून द्यायचं बटणच नाही! तरी एक मुलगी, मघापासून सगळ्यांना चिडवणारी, नुसती बसून राहिली. पडद्यावर राणीचा श्वास चाललेला, समोर हिचा. दुसऱ्यानं मारलं, आणि म्हणाला, बरं नाही वाटलं यार.

हेमला मॅडम मागे उभ्या होत्या. ही कुठून आणलीस, विचारलं. म्हटलं, इंझोरीहून, आजोबांच्या माळ्यावरून. त्या तशाच निघून गेल्या, आता रजेवर आहेत. निर्णय काहीच कळत नाही. अजगर अजून टेबलावरच आहे.

तुमच्या मायेवरच तगून आहे.
सुकेशनी

इंझोरी,
१२ डिसेंबर

चि. सुकेशनीस,
उदंड आशीर्वाद. वि. वि.

पत्र तुझ्या मायले वाचून दाखवलं. भाकर थापता थापता तिचा हात थांबला. म्हणे, त्या बाईले कोणी घोटभर पाणी तरी दिलं काय? बघ पोरी! हाड नाही, मांस नाही, नुसता काचेवरचा उजेड. अन् तिच्या तहानेची चिंता आपल्या चुलीपाशी. जन्मभर कविता म्हटल्या, पण हे कसं घडते ते मले अजून उमगलं नाही. नुसते हात जोडावेसे वाटतात.

अजगर बसला तर बसू दे, असं लिहिणार होतो. पण खोटं कायले लिहू? मले ती राणीच पाहिजे.

आठवण काढत जा, आम्ही काढतोच.
आजोबा

ता. क. पाकीट बंद करत होतो, तर दारात एक बाई. बसच्या धुळीनं केस पांढरे झालेले, पाठीवर पिशवी. म्हणे, मी हेमला, सुकेशनीच्या ऑफिसातली. तिले राक्षसीण म्हटलेलं आठवून मी घाईनं धोतर सावरलं. आत या म्हटलं, तर उंबऱ्याशीच थांबली. म्हणे, मी घरी रोज खेळ लावते, राणीसमोर उभी राहते अन् बंद करते. हात उचलत नाही. मग चपलेकडे पाहत हळूच विचारलं, बाबा, तिची माणसं परत येतात ना हो?