पडद्यावर सुटलेला माणूस

मी, खाली सही करणारी, शिवणकामावर पोट भरलेली, एका लिफ्टमनची विधवा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या.

१. राहते घर माझ्या एकुलत्या मुलीला. स्वयंपाकघराचे दार जरा उचलून लावावे लागते.

२. आमच्या खटल्यावर सिनेमा निघाला, हे सर्वांना ठाऊक आहे. हे लिफ्ट चालवत त्या कापडाच्या गोदामाला आग लागली, माणसे आत कोंडून मेली आणि दाराला कुलूप घातल्याचा आळ ह्यांच्यावर आला. किल्ली होती मालकाच्या खणात. वरच्या कोर्टाने ह्यांना निर्दोष ठरवले, पण तोवर हे तुरुंगातच वारले होते.

माझे शिवणयंत्र त्या सिनेमात माझे काम करणाऱ्या नटीला द्यावे. माझे बघून शिकायला ती इथे येऊन राहिली होती. तिने विचारले, “काकू, साक्ष देताना तुम्ही रडलात का हो?” म्हटले, “नाही गं. बाहीची शिवण उसवली होती, ती मुठीत धरून उभी होते.” पडद्यावर ती तशीच उभी आहे.

३. धाकटे दीर कोर्टात म्हणाले होते, “किल्ली दादाकडेच असायची.” सिनेमावाल्यांनी त्यांना गाळले. मीही येथे गाळते.

४. सिनेमा कंपनीवर दावा लावण्याचा हक्क माझ्या पश्चात मुलीचा. सिनेमात निकालाच्या दिवशी हे जिवंत आहेत. मुलगी चिडते. “आई, बाबा सुटले नव्हते. लोकांना ते खरं वाटतंय.” तिचे म्हणणे रास्त आहे. तरीही मी दाव्याच्या कागदावर सही केली नाही.

कारण दुपारी डोळा लागला की हे येतात. चेहरा कधी ह्यांचा, कधी त्या नटाचा; चाल मात्र ह्यांचीच. उशाशी बसतात. अंगाला धुराचा वास नसतो. मी विचारते, “सुटलात?” ते म्हणतात, “केव्हाच.” जाग आली तरी खोलीत बराच वेळ ऊन असल्यासारखे वाटते, पडदे ओढलेले असले तरी.

बाळ, तू दरवेळी निकालाआधीच उठून जातेस. एकदा शेवटपर्यंत बस. हे कोर्टाच्या पायऱ्या उतरतात, उजेडाने डोळे बारीक करतात. खाली गर्दीत फ्रॉकमधली एक लहान मुलगी उभी असते. हे तिला उचलून खांद्यावर घेतात आणि रस्ता संपेपर्यंत खाली ठेवत नाहीत.

तेवढे पाहा. मग दावा लावायचा तर खुशाल लाव.

स्थळ: घराची पुढची खोली
दिनांक: वकीलबाईंनी माथ्यावर घातला आहे तोच
सही: लिफ्टमनची बायको

साक्षीदार:
१. समोरचे चष्मेवाले
२. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई (सही करताना रडल्या, साक्ष तरीही ग्राह्य धरावी)