पांढऱ्या पट्ट्याच्या खाली

माय,

लातूरच्या त्या दुकानात तू जे मागितलंस ते आठवलं की मला अजून हसू येतं. मी अकरावीत होतो. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्यामुळे जिल्ह्याच्या स्पर्धांना उस्मानाबादेला जायची गरज उरली नव्हती. गावात प्यायला पाणी नव्हतं. अण्णा दिवसभर टँकरवर असायचे आणि तू अहमदपूरच्या सरकारी दवाखान्यात आया. आमच्या सरांनी मला बॉक्सिंगसाठी निवडलं आणि काय काय लागेल ते सांगितलं. हातमोजे आणि डोक्याचं कवच शाळेचं; सगळ्या पोरांनी आळीपाळीनं घालायचं. एक लाल आणि एक निळं बनियन, चड्डी आणि मुठीला गुंडाळायच्या पट्ट्या आपापल्या. मग आवाज खाली आणून सर म्हणाले, "आणि कमरेखाली बांधायचा गार्ड. तो दुसऱ्याचा चालत नसतो. नसला तर मी आत पाय ठेवू देणार न्हाई." मी घरी येऊन तुला सगळं सांगितलं, तेवढं सोडून. आईला हे कसं सांगायचं? अण्णांसमोर तर साधं बोलायचीही माझी टाप नव्हती. एकावर एक दोन लंगोट बांधू आणि सरांना दिसणार नाही असं वागू, एवढंच माझं डोकं चाललं.

बनियनं तू बाजारातून आणलीस. निळं माझ्या छातीला लावून दोनदा बघितलंस, लाल तसंच घडी घालून ठेवलंस. मग आपण चड्डीसाठी शिंपीचाचांकडे गेलो. सरांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी काळ्या चड्डीला कमरेशी चार बोटं रुंद पांढरा पट्टा लावला होता. तू चड्डी हातात घेऊन उलटीपालटी केलीस आणि विचारलंस, "चाचा, चांगल्या काळ्या कापडाला हा पांढरा पट्टा कामून? ठिगळ लावल्यावानी दिसून राहिलं."

"रूल हाय बाई. पंचाला लांबून दिसाया पायजे. त्या पट्ट्याच्या खाली मारनं मना हाय."

"आन् मारलंच तर?"

चाचांचं मशीन थांबलं. ते दोरा शोधायला लागले, मी रस्त्याकडे बघायला लागलो. तू एकदा त्यांच्याकडे बघितलंस, एकदा माझ्याकडे, आणि तुला सगळं कळलं. रागावशील असं वाटलं होतं. पण वाटेत तू गार्डचं माझ्याकडून काढून घेतलंस आणि एवढंच म्हणालीस, "अंगच हाय न्हवं? त्यात लाज कशाची? दवाखान्यात समद्या तालुक्याचं अंग बघून राहिले मी."

स्पर्धेच्या दिवशी तू रजा टाकलीस आणि माझ्याबरोबर एसटीत बसलीस. लातूरला उतरल्यावर मैदानाकडे न जाता मला थेट खेळाच्या सामानाच्या दुकानात नेलंस. दुकान जिल्हाभरातून आलेल्या पोरांनी आणि मास्तरांनी गच्च भरलेलं. तू पदर खोचून पुढं झालीस. "बॉक्सिंगच्या पोराला खाली बांधतेत ते दावा." दुकानदारानं गुडघ्याची पट्टी काढली. "हे न्हवं. जरा वर." त्यानं मांडीची काढली. "आजून वर!" सगळं दुकान हसलं. माझे कान तापले, जमीन दुभंगली तर बरं असं झालं. तू मात्र आवाज कमी केला नाहीस. मागं वळून म्हणालीस, "हसून काय राहिलात? तुमास्नी न्हाई का?" हसणं जागच्या जागी थांबलं. दुकानदारानं निमूटपणे खोकं काढलं. तू तो गार्ड मडकं घेताना वाजवतात तसा बोटानं वाजवून बघितलास, इलॅस्टिक ताणून बघितलंस आणि पहिला परत करून दुसरा मागितलास. तेवढ्यात मागच्या एका दांडग्या पोरानं हळूच म्हटलं, "मावशी, मलाबी एक बघा की." त्यालाही तू निवडून दिलास.

चिठ्ठीत मला लाल बाजू आली. समोर उदगीरचा पोरगा होता, माझ्यापेक्षा उंच. दुसऱ्या फेरीत त्याचा एक ठोसा पट्ट्याच्या खाली बसला आणि टक्क आवाज आला. पंचानं खेळ थांबवून त्याला ताकीद दिली. तू उभी राहून सगळ्यांच्या देखत ओरडलीस, "लागलं का रं?" मी मानेनंच नाही म्हटलं. मी ती लढत गुणांवर हरलो. परतताना एसटीत मी तोंड फुगवून बसलेला आणि तू मात्र जिंकल्यासारखी खुशीत. तेव्हा मला तुझा राग आला होता. आज मात्र वाटतं की माझ्यासाठी एवढं कुणीच केलं नाही. माझी लाज तू स्वतःच्या डोक्यावर घेतलीस आणि भर दुकानात उतरवून टाकलीस.

पुढं कित्येक वर्षांनी नांदेडच्या दवाखान्यात तू अंथरुणाला खिळलीस. एके दिवशी सिस्टर मला म्हणाल्या की आता मोठ्या माणसांचे डायपर आणावे लागतील. तू भिंतीकडे तोंड फिरवलंस. "तू नगं जाऊ. सुनंला सांग." ज्या बाईनं तालुक्याचं अंग धुतलं, ती माझ्यासमोर लाजत होती. मी म्हणालो, "अंगच हाय न्हवं, माय?" तू वळून बघितलंस, जरा हसलीस, आणि मी पिशवी घेऊन खाली गेलो. त्या दिवशी मला वाटलं की आपण आता तुझा मुलगा शोभतो.

आता तू नाहीस, हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून सांगून टाकतो. औषधाच्या दुकानात तेव्हा गर्दी होती. ती ओसरेपर्यंत मी समोरच्या टपरीवर चहा पीत उभा राहिलो होतो.