हिरामावशींची पापणी

मंगळवार, संध्याकाळ. चारकोप.

आज खारदांड्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या हिरामावशींच्या डोक्यावर आमची मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी चढवली. लॅबमध्ये विद्यार्थी खुर्चीत पुतळ्यासारखे बसतात, तरी पापणी लवली की पडद्यावरच्या रेषेत डोंगर उठतो. डोंगर दिसले म्हणजे टोपी नीट बसलीय, ही माझी खूण.

मावशी गिऱ्हाइकाशी बोलत होत्या तोवर डोंगरच डोंगर. सुरमई कापायला घेतली आणि सगळे गायब. टोपी सरकली, वाट लागली! वहीत 'खराब' लिहिलं आणि ओरडले, "मावशी, थांबा!"

त्यांनी आधी तुकडा पुरा केला. मग कोयता खाली ठेवून माझ्याकडे बघत पापण्या मिचकावल्या. पडद्यावर लगेच डोंगर.

"कापताना पापणी लवत नाही तुमची?"

"हात कोयत्याखाली असताना डोला मिटून कसा चालंल गो?"

टोपी शाबूत होती, बावळट मीच. काय बाई आहे यार! समोर गिऱ्हाईक भांडतंय, बाजूला मांजर टपलंय, आणि ह्यांची पापणी हलत नाही. मशीनही झकास, एवढ्या गोंगाटात बरोबर टिपलं.

'खराब' खोडलं. तरी चैन पडेना. मागे वाकोल्याच्या शिंपीकाकांचं रेकॉर्डिंग केलं होतं. त्यातही मध्येच डोंगर गायब झाले, म्हणून तेवढा भाग मी पुसून टाकला.

काका तेव्हा सुईत दोरा ओवत होते.